पीठ शिजवायचं नाही

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायची रीत आहे. ती या वेळी राहू द्या.

तुमचे फोन आले ते मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर माणूस बोलतो आणि नंतर म्हणतो, मी असं बोललेच नव्हते. आपल्या घराला या कलेचा चांगला अनुभव आहे. म्हणून तुमचं पत्र आलं तेवढं वाचलं आणि उत्तरही लिहूनच देते आहे.

तुम्ही लिहिता, लेकीच्या मुलीला 'तेच' निघालं. यकृत वाढलंय, रक्तातली साखर एकाएकी उतरते. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का. तुमची लेक म्हणाली, मामाच्या मुलाला होतं. तेव्हा कुठे तुम्हाला भावजय आठवली. 'तू जीवशास्त्राची बाई, तुला यातलं सगळं पाठ आहे, काय करायचं ते सविस्तर लिही.'

पाठ आहे, खरं आहे. ते कसं पाठ झालं हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत का, ते पत्रात दिसलं नाही.

माझ्या ढब्बूचं निदान झालं तेव्हा तुम्ही चार माणसांत म्हणाला होतात, 'आमच्या घराण्यात असलं काही नाही. हे हिच्या माहेरचं.' मी तेव्हाच सांगितलं होतं की हा आजार अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून यावा लागतो, एका बाजूनं येतच नाही. तुम्ही म्हणालात, 'तुझं पुस्तक तुझ्याजवळ ठेव.' आता तुमच्या लेकीच्या पोटी आला. मला बरं वाटलं असेल असं तुमच्या मनात येईल. नाही वाटलं. पत्र हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसले आणि मग गॅसवरचं दूध उतू गेलं, एवढंच झालं.

आता सांगते ते लेकीला वाचून दाखवा. मात्रा आणि वेळा डॉक्टर ठरवतील, त्यात तुम्ही-मी कुणीच हात घालायचा नाही.

आपण भात-भाकरी, बटाटा काहीही खाल्लं तरी त्यातल्या पिष्टाचं पोटात शेवटी ग्लुकोज होतं. लागेल तेवढं रक्तातून खर्च होतं. उरलेलं यकृत साठवतं. ग्लुकोजचे मणी एकाला एक जोडायचे आणि त्या माळेला फांद्या फोडत न्यायच्या, अशी ती साठवण असते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. दोन जेवणांच्या मधे आपण जगतो ते तिच्यावर. पोट रिकामं झालं की यकृत त्यातलं ग्लुकोज थोडं थोडं रक्तात सोडतं आणि मेंदू चालू राहतो. तुमच्या नातीच्या यकृतात हे सोडण्याचं शेवटचं काम करणारं विकर, एन्झाइम म्हणतात ते, नाही. माल आत जातो, बाहेर येत नाही. म्हणून पोट पुढे आलेलं आणि गाल बाहुलीसारखे. ढब्बूला लोक म्हणायचे, काय गुटगुटीत पोर आहे. ते गुटगुटीतपण हाच आजार होता.

दूध, फळं, साखर यांवर डॉक्टर बंधन घालतील. तुम्हाला ते क्रूर वाटेल, मागेही वाटलं होतं. दुधातली निम्मी साखर आणि फळातली साखर ही वेगळ्या जातीची असते. तिचं ग्लुकोज व्हायचं तर त्याच अडलेल्या वाटेनं जावं लागतं, आणि ती यकृतातच साचून बसते. आजीनं लपवून दिलेला आंब्याचा तुकडा हा लाड नव्हे.

आणि पीठ. पांढरं, बोटांत करकरणारं कॉर्नफ्लोअर. पिवळं मक्याचं पीठ नाही. थंड पाण्यात कालवायचं आणि कच्चंच पाजायचं. कच्च्या पिष्टाचा कण घट्ट बांधलेला असतो. पोटातली विकरं त्याला बाहेरून कुरतडत बसतात आणि ग्लुकोज हळूहळू, कितीतरी वेळ रक्तात येत राहतं. यकृत जे काम करत नाही ते हे पीठ करतं. तेच गरम केलंत की कण पाणी पिऊन फुगतो, फुटतो, त्याची खळ होते. खळ चवीला बरी, गिळायला सोपी, आणि पोटात गेल्या गेल्या पचून जाते. साखर चढते तशीच उतरते. मूल पोटभर खाऊन झोपतं. मग उठत नाही.

हे शेवटचं वाक्य तुम्हाला फोड करून सांगायला नको.

त्या दिवशी मी ढब्बूला तुमच्यापाशी ठेवून दुसऱ्या शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेले होते. पीठ मोजून, वाटीवर झाकण घालून, ओट्यावर ठेवलं होतं. पाण्याचा पेला शेजारी. तुम्ही ते दुधात शिजवलंत, साखर घालून. ढब्बूला हलवून उठवता येईना म्हणून तुम्ही शाळेत निरोप धाडलात, मी धावत आले, ग्लुकोज घ्यायला स्वयंपाकघरात शिरले तेव्हा मोरीत पातेलं होतं आणि त्याच्या कडेला खळ वाळलेली होती. आम्ही त्याला न घेता परत आलो तोवर पातेलं घासून पालथं घातलेलं होतं, आणि तुम्ही जमलेल्यांना सांगत होतात, 'पीठ ठेवलंच नव्हतं हो तिनं. मी घरभर शोधलं.'

तुमच्या लेकीला हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगा. माझ्या अब्रूसाठी नव्हे, ती आता जुनी झाली. ती कामावर जाणार आणि पोर तुमच्या हाती राहणार, म्हणून. तिला कळायला हवं की पीठ द्यायचं राहिलं म्हणून तो गेला नाही. शिजवलं म्हणून गेला.

एवढं करा. बाकीचं मी तिला शिकवीन. तिला इकडे पाठवा.

तुमची भावजय


८ फेब्रुवारी

ताई,

तुमची लेक येऊन गेली. तुमचं पाकीटही तिच्याच हाती आलं. 'जुनं उकरून काढू नकोस. मी आता कच्चंच देईन, झालं ना समाधान?' असं तुम्ही लिहिलंय. पाकीट नीट चिकटवलं होतंत. लेकीनं वाटेत उघडू नये याची तेवढी काळजी घेतलीत.

झालं नाही समाधान. पण आधी पोरीचं सांगते.

तिला तुम्ही सगळे पिटुकली म्हणता, ते नाव तिला शोभतं. माझ्या चष्म्याची दांडी धरून ती सोडेना. तुमची लेक दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासते, नंबर काढते. तिचा हात स्थिर आहे आणि ऐकलेलं ती विसरत नाही. या कामाला तशीच बाई लागते. मी तिला ओट्याशी उभी केली. पीठ तराजूवर कसं मोजायचं, थंड पाण्यात कसं कालवायचं. तिनं ढवळून पेला बाजूला ठेवला आणि पोरीला मांडीवर घ्यायला वळली. मी म्हटलं, "आता पेल्यात बघ."

"काय झालं?"

"पीठ खाली बसलं. ते विरघळत नाही, नुसतं तरंगतं. ही वरचं पाणी पिईल, पीठ तळाशी राहील, आणि तू म्हणशील की दिलं. पाजताना ढवळत राहायचं. शेवटी पेल्यात पुन्हा पाणी घालून तेही पाजायचं."

पिटुकलीनं पहिला घोट माझ्या अंगावर उडवला. खडूची पूड पाण्यात कालवावी तशी चव असते, तिचं काही चुकलं नाही. दुसऱ्या खेपेला अर्धं गेलं. संध्याकाळपर्यंत तिनं पेला पाहिला की तोंड फिरवायचं शिकून घेतलं, आणि तिच्या आईनं गाणं म्हणत चमचा आत सरकवायचं. हे असंच चालतं. प्रत्येक पिशवीत, प्रत्येक पर्समध्ये ग्लुकोजची पूड ठेवायला मी सांगितलं आहे. मूल घामेजलं, चिडचिडं झालं, मलूल पडलं, तर आधी गालाच्या आतून पूड चोळायची आणि मग दवाखाना. तिनं ते माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते.

पोर झोपली तेव्हा आम्ही दोघी भांडी पुसत होतो. तुमची लेक म्हणाली, "मामी, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार."

"तुम्ही एवढ्या काटेकोर. पेला विसळून पाजायचा इथपर्यंत. मग त्या दिवशी पीठ ठेवायला विसरलात कशा?"

मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार."

"आईनंच तर सांगितलंय."

ताई, मी तिथे मिठाची गुळणी धरून उभी राहिले. तुमच्यासाठी नव्हे. लेकीला आईचं असलं काही दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढंच मनात आलं. पण ही गुळणी मी फार दिवस धरणार नाही. तिची रजा महिनाअखेर संपते. त्याआधी ती पोरीला घेऊन पुन्हा येणार आहे. त्याच्या आत तुम्ही बोला.

तुमची भावजय


१ मार्च

ताई,

तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी बोलले.

तुमची लेक काल आली तेव्हा मी आधी विचारलं, "आईनं तुला काही सांगितलं?" ती म्हणाली, "कशाबद्दल?" तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. ओट्यावरच्या वाटीपासून पालथ्या पातेल्यापर्यंत. आवाज चढवला नाही. वर्गात मुलांना सांगावं तसं सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा होता तोवर का नाही बोललात?"

"बोलले होते. त्याच आठवड्यात. तुझ्या मामानं माझंही ऐकलं, तुझ्या आईचंही ऐकलं. बहिणीनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिचं खरं मानायला त्याला सोपं गेलं."

"म्हणजे मामाही चुकला, आईही खोटी, आणि तुम्ही एकट्या खऱ्या."

"मी खरी की खोटी ते सोड. तू पोरीला आईच्या हाती देणार आहेस, म्हणून सांगते आहे."

"मामी," ती म्हणाली, "आई रोज देवासमोर बसून पिटुकलीसाठी रडते. ती सत्तरीला आली. मामा गेला, आता तिच्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नाही, आणि तुम्हाला आत्ताच हे सुचलं. तुम्ही मला शिकवलंत त्याचे उपकार आहेत. पण माझ्या आईला माझ्यासमोर खुनी ठरवू नका."

मी तो शब्द वापरला नव्हता, ताई. तो तिनं वापरला.

तिनं पोरीचे कपडे गोळा केले आणि ठरल्या दिवसाआधी निघून गेली. दाराशी तिला पोरीचे बूट घालता येईनात; मी वाकून ते घातले, तेवढं तिनं करू दिलं. पिटुकलीनं माझी वेणी ओढली.

ज्या वर्षी ढब्बू गेला त्या वर्षी मला नववीला कर्बोदकांचा धडा शिकवायचा होता. मुख्याध्यापक म्हणाले, दुसऱ्या कुणाला देऊ का. मी नको म्हटलं. गवतातलं सेल्युलोज आणि धान्यातलं पिष्ट दोन्ही ग्लुकोजचीच बनतात, फक्त मणी ओवायची तऱ्हा वेगळी, म्हणून गाय कागदसुद्धा खाते आणि आपल्याला तो पचत नाही, हे सांगितलं. मुलं हसली. मग पुढच्या ओळीवर आले. 'कर्बोदकांचे कार्य: शरीराला ऊर्जा देणे.' तिथे मला पुढे बोलता येईना. मुलांना वाटलं बाई पान शोधताहेत. घरी आले तर तुम्ही आणि तुमचे भाऊ जेवत होतात. मला बघून दोघं बोलायचे थांबलात. तेव्हापासून त्या घरात मी नेहमी बोलणं थांबल्यावरच पोचत आले.

हे तुम्हाला सांगायचं कारण नव्हतं. लिहून गेले.

तुमची भावजय


२० मार्च

ताई,

लेक कामावर रुजू झाली असं जावयांकडून कळलं. ते अधूनमधून फोन करतात, लेक करत नाही.

माझ्या पत्रांना उत्तर देऊ नका, हरकत नाही. फक्त हे एक ओट्यावर चिकटवून ठेवा: थंड पाणी. सर्दी असो, थंडी असो, पोर रडो, थंड पाणी. 'जरासं कोमट' असा प्रकार नाही.

भावजय


१३ एप्रिल

ताई,

हॉस्पिटलात तुम्ही मला नमस्कार केलात आणि मी पुढे निघून गेले. त्याबद्दल तुम्ही काही मनात धरलं असेल तर धरा.

जावयांचा फोन आला तेव्हा मी बाजारातून येत होते. "मामी, पिटुकलीला ऍडमिट केलंय, तुम्ही या." पिशवी तशीच शेजारणीच्या दारात ठेवून बस पकडली. वाटेत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. पोचले तेव्हा तिच्या हाताला सलाईन होतं आणि ती डोळे उघडून नळीकडे बघत होती. डोळे उघडे होते, ताई. ढब्बूचे मी पुन्हा उघडलेले पाहिले नाहीत.

तुमच्या लेकीनं मला पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. कामावरून त्या दिवशी ती लवकर सुटली होती. घरात शिरली तर पोर घामानं भिजलेली, मान टाकलेली. तिनं पर्समधली पूड काढली, गालात चोळली, जावयांना फोन केला आणि तशीच रिक्षात बसली. पूड चोळताना ती मोठ्यानं म्हणत होती, आधी पूड मग दवाखाना, आधी पूड मग दवाखाना. रिक्षावाल्याला वाटलं हिला वेड लागलं.

ती रात्र आम्ही दोघी बाकावर बसून होतो. तुम्ही समोरच्या बाकावर.

सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी कागद पाहिले, पोरीचं पोट चाचपलं आणि विचारलं, "दुपारचं पीठ दिलं होतं?"

तुम्ही म्हणालात, "दिलं होतं."

"किती?"

"मोजून. जेवढं सांगितलंय तेवढं."

"मग एवढ्या लवकर साखर उतरायला नको होती. कशात दिलं?"

तुम्ही लेकीकडे पाहिलंत. मग म्हणालात, "तिला खोकला झाला होता. थंड घेईना, थुंकत होती. जरा गरम केलं."

"किती गरम?"

"घट्ट होईस्तोवर."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आजी, गरम केलं की त्याचा उपयोग राहत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? माहीत नव्हतं?"

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी खूप वर्षं ऐकायला थांबले होते, आणि ते ऐकताना मला काहीच मिळालं नाही. तुम्ही म्हणालात, "माहीत होतं. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं. मी शिजवून दिलं होतं."

डॉक्टरांना वाटलं आजी आजारपणाचा इतिहास सांगताहेत. त्यांनी पुन्हा पेन काढून तो लिहून घेतला. तुमची लेक तुमच्याकडे वळली.

ती तुम्हाला एकच वाक्य बोलली. "आई, मामीनं मला सगळं सांगितलं होतं आणि मी तिच्या घरून उठून आले." मग ती आत पोरीजवळ गेली आणि दार लावून घेतलं. तुम्ही व्हरांड्यात उभ्या राहिलात, हातात पोरीचं टोपडं. मी तुमच्याजवळ आले नाही. यावंसं वाटलं नाही असं नाही. पाय उचलला नाही.

पिटुकली आता खाते-पिते. डॉक्टर म्हणतात, मेंदूला इजा झालेली दिसत नाही, पुढे बघू. ती पुन्हा चष्म्याची दांडी ओढते. उद्या तिला घरी सोडतील. काही दिवस मी तिच्याकडे राहणार आहे. तुम्ही तुमच्या धाकट्या दिरांकडे गेलात असं कळलं. पत्र तिथल्या पत्त्यावर टाकते.

भावजय


५ मे

ताई,

तुमचं पत्र मिळालं. इतकं मोठं पत्र तुम्ही मला आजवर कधी लिहिलं नव्हतंत.

तुम्ही लिहिता, 'मला ते कधी पटलंच नाही. कच्च्या पिठानं पोर जगतं आणि शिजवलेल्यानं मरतं, असं कुठे असतं का? तू सांगितलंस, डॉक्टरांनी सांगितलं, ऐकलं सगळं. पण आतून पटवून घेतलं नाही. पटवून घेतलं असतं तर त्याला मी मारलं असं झालं असतं. म्हणून मी स्वतःला सांगत राहिले की शिजवण्यानं काही होत नाही, त्याची वेळच भरली होती. त्या दिवशी पिटुकली थुंकायला लागली तेव्हा माझा हात आपोआप गॅसकडे गेला. मला वाटलं, बघूच. काही होणार नाही. आणि काही झालं नाही तर मी सुटले.'

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर चक्कर मारून आले. तुम्ही आयुष्यात माझ्याशी खरं बोललात ते हे एवढंच, आणि ते इतकं खरं आहे की मला त्यात राग ठेवायला जागा सापडेना. पण नातीवर बघितलंत, ताई. तुम्ही सुटता की नाही हे त्या पोरीवर करून बघितलंत.

तुम्ही लिहिता, लेक घरात घेत नाही, तिला समजाव. समजावलं. तुमच्यावर माया आली म्हणून नव्हे. ती आता कुणावरच विश्वास टाकत नाही, कामावर जात नाही, जावयांनी कालवलेला पेलासुद्धा हुंगून बघते. अशानं ती महिनाभरात अंथरूण धरील. मी तिला म्हटलं, "आईला येऊ दे. पोरीशी खेळू दे. पेला-चमचा तिच्या हाती द्यायचा नाही, आणि गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही." तिनं हातातला पेला पुन्हा विसळला. मग म्हणाली, "रविवारी. तुम्ही असाल तेव्हा." तेव्हा रविवारी या. येताना खाऊ आणू नका.

शेवटी तुम्ही माफी मागितली आहे.

शिजवलंत ते मायेनं शिजवलंत, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पोराच्या पोटात कच्चं पीठ जातंय हे तुम्हाला बघवत नव्हतं. तेवढ्यापुरती माफी मागितली असतीत तर तेव्हाही दिली असती, वर्षभर रडून का होईना, पण दिली असती. पातेलं घासलंत, तेही एक वेळ समजून घेतलं असतं, माणूस घाबरतो. मला वेगळंच एक आठवतं, आणि ते तुम्हालाही आठवत असणार, म्हणून ते लिहून पत्र पुरं करते.

तुमचे भाऊ अंथरुणाला खिळले होते तेव्हाची गोष्ट. त्यांना अन्न जात नव्हतं, बोलणंही कमी झालं होतं. दुपार होती. तुम्ही खिडकीशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतात. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "एक विचारतो. आता विचारलं तर चालेल ना? त्या दिवशी तू पीठ ठेवलं होतंस का?"

इतकी वर्षं एका छताखाली राहून त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. नुसतं माझ्याशी जपून वागत आले होते, जसं विसराळू माणसाशी वागतात. बाहेर जाताना गॅस मी बंद केला की नाही हे माझ्यामागे येऊन बघायचे.

मी म्हटलं, "ठेवलं होतं."

ते म्हणाले, "बरं."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या हातात टॉवेल होता. 'बरं' म्हणजे पटलं की राहू दे आता, हे मला कळत नव्हतं. तुमच्या तोंडून एक शब्द आला असता तर त्यांनाही कळलं असतं आणि मलाही. तुम्ही घातलेली घडी मोडलीत, टॉवेल झटकलात, पुन्हा घडी घातलीत. त्यांनी वाट पाहिली असं मला वाटतं. मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले. आणि तुम्ही उठून मला विचारलंत, "चहा टाकू का?"

मी हो म्हटलं. तुम्ही केलात, मी प्यायले.

रविवारी या.

तुमच्या भावाची बायको